चांगुणाबाईची लाल झेंडी

अंबरनाथच्या बुवापाड्यामागून कारखान्याकडे रेल्वेचा एक फाटा जात असे. कारखान्याला टाळं लागलं, मालाच्या वाघिणी यायच्या थांबल्या आणि रूळ गंजत पडले. खडीतून टाकळा उगवला, घाणेरी माजली. रुळांखालच्या, इंग्रजांच्या वेळच्या काळ्या दगडी मोरीत धामण राहायला आली. माणसांनी सोडलेल्या जागेला माणसांची आठवण येत नाही.

चांगुणाबाईला मात्र त्या जागेची येई. नवऱ्याच्या मागे रेल्वेने तिला त्याच्याच रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये घेतलं होतं. याच फाट्यावर तिने घमेली उचलली, पहार चालवली. रिटायर झाली तरी संध्याकाळी पाय तिकडेच वळत. मोरीलगतच्या मुरुमाच्या भरावात वेडे राघू बिळं करून राहत. ती हिरवी पाखरं चोचीत चतुर धरून तारेवर बसत आणि एकदम बिळात घुसत. चांगुणाबाई भरावाला कान लावी. आत पिल्लं कुरकुरत. जिच्यावर जन्मभर घाव घातले, ती माती आतून बोलत होती.

एक्याण्णव साली, जयंतीचे निळे झेंडे गल्लीत अजून फडफडत असताना, ठेकेदाराचा माणूस गुरुदत्त पाहणीला आला. रूळ भंगारात जाणार होते आणि भराव खोदून मुरूम नदीकाठच्या मांजर्लीच्या सखल प्लॉटांत पडणार होता.

"पिल्लं उडेस्तोवर थांबा की," चांगुणाबाई म्हणाली.

"आजी, पाखरांसाठी डंपर थांबतो काय?" गुरुदत्त हसला.

दुसऱ्या दिवशी माणसं कामावर आली, तर मोरीच्या अलीकडे दोन रुळांच्या मधोमध लाल झेंडी रोवलेली. बाजूच्या दगडावर चांगुणाबाई पान लावत बसलेली.

रूळ उचलायला आणलेले सगळे जुने गँगवाले होते. पुढे होता बबन, तिच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने पहार खाली ठेवली. मागच्यांनीही ठेवली.

"काय झालं रे?" गुरुदत्तने विचारलं.

"झेंडी आहे, साहेब."

"मग उपट ना!"

"ज्याने लावली त्यानेच काढायची. गँगचा कायदा आहे."

"अरे येड्या, इथे गाडीच येत नाही!"

"गाडीचं आपल्याला काय माहीत? झेंडी आहे."

गुरुदत्त स्वतःच पुढे झाला. बबन आडवा आला. "साहेब, या झेंडीच्या भरवशावर आम्ही गाडीकडे पाठ करून कामं केली. तुम्ही हात लावला, तर उद्या एक माणूस येणार नाही."

कुणी हललं नाही. बबनने मान वळवली. "मावशी, किती दिवस हो?"

"राघूंना विचार. मी नुसती झेंडीवाली."

सगळी गँग खो खो हसली. गुरुदत्त शिव्या घालत माणसांना फाट्याच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेला.

तिथून रूळ उचलत ते मोरीपाशी पोचले, तोवर बिळं गप्प झाली होती. पिल्लं तारेवर ओळीने बसली होती. चांगुणाबाईने आपल्या हाताने झेंडी उपटली आणि गँगला हिरवी दाखवली. रूळ गेले. पण भरावाला कुदळ लागायच्या आधीच पावसाळ्यात उल्हास नदी फुगून मांजर्लीत शिरली. पुराचे ते प्लॉट मग कुणी घेईना. मुरूम न्यायला डंपर आलाच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बबन मुद्दाम तिला शोधत आला. मोरी तिथेच, भराव तिथेच, तारेवर चोचीत चतुर धरलेले राघू. चांगुणाबाई डोळे मिटून मातीला कान लावून उभी.

"काय म्हणतात पिल्लं, मावशी?"

तिने डोळे न उघडता हात वर केला. "लाइन क्लियर."