नारंगी मुठीची सुरी

दुकानदाराने काउंटरवर सात-आठ सुऱ्या मांडल्या आणि मी नेमकी चुकीची उचलली. पातळ, निमुळती, लवचिक पात्याची. पेन धरतात तशी बोटांत धरून पाहिली. माझ्याबरोबर आलेला माओरी मित्र हसला. "ती मासे साफ करायची, मेट. बकऱ्याला नाही चालायची."

सुरी कोणती घ्यावी हे मला कुणी शिकवावं, याचा रागच आला. सांगलीत अकरा वर्षं मी सर्जन होतो. नव्वदच्या दशकात न्यूझीलंडमध्ये टौरंगाला आलो, तेव्हा इथे डॉक्टरकी करायला पुन्हा परीक्षा द्यावी लागली. दिली आणि नापास झालो. चाळिशीत नापास होणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तेव्हापासून मी किवीफळांच्या पॅकहाउसमध्ये खोक्यांवर स्टिकर लावत होतो. दुसऱ्या खेपेचा फॉर्म घरी फ्रिजवर मॅग्नेटखाली लटकत होता. बायको हॉस्पिटलात नर्स होती, घर तिच्यावर चाललं होतं. फॉर्मबद्दल ती अवाक्षर काढत नसे. मीच एकदा तिच्यावर खेकसलो होतो, "माझे हात विसरलेत आता सगळं. तो विषय नको."

हा मित्र पॅकहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा आणि सुट्टीला धनुष्यबाण घेऊन डोंगरात रानबकरे मारायला जायचा. माझं कुढत बसणं त्याला पाहवेना, म्हणून तो मला बरोबर नेणार होता. अट एकच, सुरी स्वतःची हवी.

"बंदूकवाला लांबून मारतो," त्याने मला दुकानातच समजावलं. "आपल्याला वीस पावलांपर्यंत जायचंय. अंगावर काही खुळखुळलं की खेळ खलास. म्हणून लहान घे. घडीची नको, बिजागरीत रक्त आणि केस अडकून बसतात. आणि स्वस्तातली घे, हरवली तर रडू येणार नाही." त्याने माझ्या हातात ठेवली ती बोटभर पात्याची, नारंगी प्लॅस्टिकच्या मुठीची. म्यानात घट्ट बसणारी. मला ती लिंबं चिरायची वाटली.

"हा रंग कशाला?"

"नेच्याच्या झुडपात पडली तर दिसते. स्वीट ॲज, एकदम झकास!"

त्याच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती. मी तीच घेतली.

त्या शनिवारी आम्ही तासभर वाऱ्याच्या उलट दिशेने, जवळजवळ रांगत, डोंगर चढलो. मित्राने एकच बाण सोडला. बकरा चार पावलं गेला आणि बसकण मारून तिथेच मेला. मित्राने त्याच्यापाशी क्षणभर मान खाली घातली आणि मला म्हणाला, "आता तुझं काम. पोट उघड, आतडी काढ. पाच मिनिटं लागतात."

मला पाऊण तास लागला. मी बाह्या कोपरापर्यंत सारल्या, बेंबीच्या रेषेत कातडी कापली, मग एकेक थर वेगळा करत गेलो. आतड्याला ओरखडा नाही, मूत्राशयाला धक्का नाही. मित्र आधी कौतुकाने बघत होता, मग कंटाळून त्याने डबा उघडला. "अरे, तो बरा होऊन घरी जाणार नाहीये," तो म्हणाला.

मी ऐकत नव्हतो. एक रक्तवाहिनी सुटली, थोडं रक्त ओघळलं, आणि नजर न उचलता मी उजवा तळहात बाजूला पसरला. चिमटा हवा होता. मेलेल्या बकऱ्याचा रक्तस्राव थांबवायला!

सांगलीच्या ऑपरेशन थिएटरात हा हात कधी रिकामा राहिला नाही. तिथली सिस्टर मी नाव घ्यायच्या आत हवं ते हत्यार तळहातावर चट्‌दिशी ठेवायची. पुढे तिच्याशीच मी लग्न केलं. इथे डोंगरात माझा हात तसाच पसरलेला. मित्राने बुचकळ्यात पडून त्यावर अर्धं सँडविच ठेवलं.

मी हसायला लागलो. हसता हसता रडायलाच लागलो, आणि त्या भल्या माणसाने दुसरीकडे तोंड केलं. हात काहीच विसरले नव्हते. पुन्हा नापास व्हायच्या भीतीने मीच तसं सोंग घेतलं होतं, आणि दोन वर्षं ते तिच्यापुढे वठवत होतो. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सांगलीत आम्ही थिएटरमधल्या हत्यारांना हळदकुंकू वाहायचो. इथे बायको पाटावर तिचा स्टेथोस्कोप मांडायची आणि शेजारी माझ्यासाठी जागा मोकळी ठेवायची. गेली दोन वर्षं मी ती रिकामीच राहू दिली होती. "काय ठेवू? स्टिकरचं मशीन?" असं वर ऐकवलंही होतं. यंदा मी ती सुरी घासूनपुसून तिथे ठेवली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नारंगी मुठीवर कुंकू लावलं.

पूजा झाल्यावर मी फ्रिजवरचा फॉर्म काढला आणि जेवणाच्या टेबलाशी बसलो. ती मागे उभी असल्याचं जाणवत होतं. पहिला रकाना नावाचा होता. तो वाचता वाचता, मान वर न करता, मी उजवा तळहात बाजूला पसरला.

पेन चट्‌दिशी त्यावर येऊन बसलं. टोपण तिने आधीच काढलं होतं.