रिकाम्या कमरेवरचा हात

पिंपळगाव राजा या गावी आमच्या घरी कापूस बघायला येणाऱ्या जपानी दलालाची मला फार भीती वाटे. तरुणपणी तो त्याच्या देशात सामुराई होता, म्हणजे दोन तलवारी बांधून सरदाराची चाकरी करणारा. आता छत्री घेऊन फिरायचा, पण डावा हात सारखा रिकाम्या कमरेवर जायचा. तिथं सुरी लपवलीय, अशी माझी खात्री. अक्कल तेवढीच होती!

त्या दिवशी मात्र न्हाव्याची धास्ती त्याहून मोठी होती. तापानं माझे केस झडत होते, म्हणून आई डोकं पार भादरून टाकणार होती. बोडकीला कोण नवरा मिळणार, ही मला काळजी; अजून दुधाचे दात पडत होते, तरी! मी कापसाच्या ढिगात दडले, ती नेमकी कापूस बघत उभ्या असलेल्या त्या दलालाच्याच पायाशी.

आई ओरडली, "निघ बाहेर! केसच तं हायेत वं, मुंडकं नाही कापून राह्यलो!"

तो उकिडवा बसला आणि मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "राज बदला. हुकूम आया, चोटी काटो, तलवार छोडो. लडाई हमने देखा नहीं. तलवार एक ही बार चलाया, अपनी चोटी पर."

"दुखलं का?"

"नहीं. सिर को ठंड लगा." मग कमरेवरच्या हाताकडे बघत म्हणाला, "इस हाथ को अभी तक मालूम नहीं."

मी रडत न्हाव्यापुढं बसले. थंडीचं त्यानं खरं सांगितलं होतं.

पुढे कितीतरी दिवस नसलेली वेणी मागे टाकायला माझा हात खांद्यावर जायचा. घरचे सगळे हसायचे. तो दलाल अंगणात असला, तर तो एकटाच हसायचा नाही. मीही त्याच्या कमरेकडे बघायचं सोडून दिलं.