तांबडीनं पिल्लं कशी ओळखली

पिंपरी पेंढारच्या तानूबाईंचा जन्म मेंढरांमागं गेला. कोंबड्या त्यांनी पाळल्या त्या साठीनंतर, मेंढरं विकल्यावर.

२००२ सालच्या पौषात शेजारच्या सयाजीनं आळेफाट्याहून एका दिवसाची बारा पिल्लं आणली. उबेला बल्ब टांगला, तर लाईट गेलेली. पिल्लं गारठून एकमेकांवर चढू लागली, तशी पाटी उचलून तो तानूबाईंच्या दारात आला.

"मावशी, तुझी तांबडी खुडूक हाय नव्हं? जगव एवढी."

तांबडी बावीस दिवस अंड्यांवर बसून होती, पण एकही अंडं फुटलं नव्हतं. परकं कोकरू मेंढीनं घ्यावं म्हणून धनगर तिचाच वास त्याला लावतात. तानूबाईंनी तांबडीखालचा भुसा पिल्लांना चोळला. तांबडीनं पहिल्याच पिल्लाला टोच मारली.

"ती काय मेंढी हाय व्हय वास घ्यायला?" सयाजी चिडला.

"मंग कशानं वळखती?" तानूबाई निवांत खाली बसल्या. तांबडी मान वाकडी करून एका डोळ्यानं पाटीकडं बघत होती. "दिसत्यात म्हणून मारती बघ."

त्यांनी अंडी काढली, तांबडीवर बांबूचं डालगं पालथं घातलं आणि वरून घोंगडी टाकली. भर दुपारी आत काळोख झाला. मग हात घालून एकेक पिल्लू पोटाखाली सारलं. आत नुसता चिवचिवाट. थोड्या वेळानं तांबडी हळू आवाजात बोलू लागली, आणि चिवचिवाट निवला.

सयाजी घोंगडी उचलायला वाकला.

"थांब की! आधी आवाज तरी वळखू दे."

दिवस कलल्यावर त्यांनी डालगं उचललं. सयाजीनं पिल्लं मोजायला हात पुढं केला, तशी तांबडी पंख फुगवून त्याच्यावरच धावली.