पुण्याला दिसणारं मीटर

पाली गावात माझ्या घरी लाइटीचं नवं मीटर बसवायला दोघंजण आले, तवा मी शेळ्यांना पाला टाकत व्हते. जुनं चांगलं चालतंय म्हणलं, तर म्हणाले, मावशी, हे स्मार्ट हाय, आता रीडिंग घ्यायला कुणी येणार न्हाई. मोबाईल नंबर मागितला. माझा मला पाठ न्हाई, लेकाचा पाठ हाय. तोच सांगितला.

इथंच घोळ झाला. घरात मी एकटी, लेक पुण्यात, अन् माझ्या घरात कवा काय चालू असतं ते त्याच्या मोबाईलवर दिसाया लागलं. मीटरवर बारका लाल दिवा उघडझाप करायचा. मला वाटलं, ह्योच बघतोय. मालकांचा जुना रुमाल त्याच्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी लेकाचा फोन, "माय, एवढ्या पहाटं मोटर कावून लावलीस?" रुमालाचा काही उपेग झाला न्हाई. काढला, धुतला, वाळत घातला.

लेकाचं एकच, माय, पुण्याला चल. मालक गेल्यापासून तेच. आता त्याच्या फ्लॅटात शेळ्या बांधू कुठं, लिफ्टमध्ये? शेवटी त्यानंच तोड काढली. रोज सकाळी बोअरची मोटर चालू झालेली दिसली की तो समजणार, माय बरी हाय. मी आजारी पडले, की घराला कुलूप अन् मी पुण्याला. मी लगेच हो म्हणले. मला वाटलं, जिंकले.

तवापासून त्याचे फोन कमी झाले. कावून करील? मोटर लावली की माझ्या मोबाईलवर त्याचा नुसता अंगठा यायचा. मला वाचता येत न्हाई, अंगठा कळतो.

मग मला ताप भरला. उठायची सोय नव्हती. मागच्या घरात माझी धाकटी जाऊ राहते, तिला म्हणले, "आधी मोटर लाव, मग माझ्याकडं बघ." तिनं मोटर लावली, वरून टीव्हीबी लावला. म्हणाली, जरा जास्तच बऱ्या दिसाल. टाकी भरून वाहिली, शेळ्या चिखलात उभ्या. अंगठा आला.

दुसऱ्या दिवशीबी तसंच. "अक्का, अंगठा आलाय बघा," जाऊ खुशीत म्हणाली. माझं डोकंच फिरलं. अगं, इथं माझं अंग तव्यासारखं तापलंय, घशाखाली पाणी उतरंना, अन् ह्यो बाबा तिकडं खुशाल! त्याची काय चूक, मीच त्याला खुशाल ठेवला व्हता. तरी लई राग आला, अन् रागापेक्षा रडू जास्त आलं. मला त्याचा आवाज ऐकायचा व्हता, दुसरं काही न्हाई.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊ मोटरच्या बटनाकडं निघाली, तिला म्हणले, "ऱ्हाऊ दे."

"अक्का, घराला कुलूप लागंल."

"लागू दे. तू बस हितं."

दुपारी फोन वाजला. जाऊनं माझ्या कानाला लावला.

"माय, गावात लाइट गेलीय का?"

"लाइट हाय," मी म्हणले. "मला ताप हाय. तू ये."