हवेची खिट्टी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. दाजींना तर मुळीच नाही. मग तुम्हाला का? तुम्ही माझ्या अक्काला पाहिलेलं नाही, म्हणून असेल. जिनं मला वाढवलं तिला ओळखणाऱ्या माणसासमोर हे बोलायला माझं तोंड उघडत नाही.

मन्नाएखेळ्ळीत हायवेला लागून माझं दुकान आहे. मांडव, लायटिंग, जनरेटर भाड्यानं देतो. गावातले लोक मला विचारल्याशिवाय घरात पंखासुद्धा बसवत नाहीत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. कुणी विचारलं की मी लगेच उत्तर देत नाही. आधी चहा मागवतो.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली आणि मी हिच्या कडेवर मोठा झालो. तिला दिली मुडबीला, पण दाजींचा तुरीचा व्यापार हायवेवर वाढला आणि त्यांनी माझ्या घराला लागूनच घर बांधलं. त्यामुळे लग्न होऊनही ती मला सोडून गेली नाही, असंच मी धरून चाललो. संध्याकाळी दुकान बंद केलं की आधी तिचा ओटा, मग माझं घर. ती मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. केस पिकले तरी तम्माच.

पुढं तिची फुप्फुसं आकसत गेली. नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन, आणि मशीनला लाईट. आपल्याकडची लाईट कशी असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. हळूहळू ओट्याच्या पलीकडचं जग तिच्यासाठी संपलं – आणि नेमकं तेव्हाच तिनं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. तिला समुद्र बघायचा होता.

दाजी फार बोलणारे नाहीत. त्यांनी तुरीची पोती वाहणारा आपला टेम्पो जवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत नेला आणि ओळखीच्या एका कारखान्यात त्याचं फिरतं घर करून घेतलं. खिडक्या, शेगडी, पाण्याची टाकी, लहानशी मोरी. एवढं करूनही दार उघडलं की तुरीचा वास यायचाच. एकच गोष्ट राहिली होती. वाटेत अक्काचं मशीन चालवायला जनरेटर.

"ते तू बघ," दाजी म्हणाले. "तू म्हणशील तो घिऊ. तिचा श्वास हाय त्याच्यावर."

मी बघितला. अगदी मनापासून बघितला, हे तेवढं मान्य करा... नाही, नका करू. लग्नातले माझे डिझेलचे जनरेटर दणकट, पण त्या आवाजात आजारी माणूस झोपणार कसा? शिवाय त्यांचा करंट वरखाली होतो, नाजूक मशीन त्यात जळून जातं. म्हणून इन्व्हर्टरवाला घेतला, पेट्रोलचा, बंद डब्यातला, चाकं असलेला. मशीन सुरू होताना जास्त करंट ओढतं, तेव्हा लागतो त्याहून एक नंबर मोठा. धूर आत येऊ नये म्हणून त्याचा कप्पा कुठं करायचा ते टेम्पोच्या मागच्या बाजूला, खिडक्यांपासून लांब, खडूनं आखून दिलं. इतकं चांगलं मशीन मी स्वतःच्या धंद्यासाठीही कधी घेतलं नव्हतं.

मग अक्कानं मला गाडी आतून दाखवली. नळी काढून, दम खात, पण स्वतः दाखवली. खिडकीला तिच्या जुन्या इरकली लुगड्याचा पडदा होता. "ही माझी जागा," ती म्हणाली, "अन् ही ह्यांची." मग हसली. "रस्त्यात कुणी 'अक्का, जरा इकडं ये' म्हणणार न्हाई बघ, तम्मा."

सगळ्यात जास्त वेळा ते कोण म्हणायचं? मीच की.

मी तिसरी जागा शोधत होतो. बसायचं एखादं फळकूट, कोपऱ्यातली घडीची खुर्ची – काहीही. नव्हती. असायलाच हवी होती असं कुठं आहे? नवरा-बायकोची गाडी, त्यांचा प्रवास. पण इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती, आणि त्या खुशीत मी कुठंच नव्हतो. हे मला बोचलं. आजही सांगताना लाज वाटते, पण बोचलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी अंगणात चाचणी ठेवली. आमच्या घरात नवं मशीन आलं की त्यावर विभूतीची तीन बोटं ओढतात, नारळ फोडतात आणि मग सुरू करतात. अक्कानं बोटं ओढली. दाजींनी दोरी ओढली. पहिल्या झटक्यात चालू झालं. अक्काचं मशीन जोडलं, ती खुर्चीत टेकून बसली. शेजारपाजारचे चार लोक गोळा झाले होते.

आता ऐका. अशा जनरेटरच्या टाकीच्या झाकणावर हवेची एक लहानशी खिट्टी असते. ती उघडली नाही तरी इंजिन सुरू होतं, बरा वेळ चालतंसुद्धा. मग टाकीत हवा जात नाही, पेट्रोल उतरत नाही, आणि ते गुदमरून बंद पडतं. दाजींना हे माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं. आणि ती खिट्टी बंद आहे हे मला दिसत होतं.

एक बोट पुरलं असतं. मी हात पाठीमागं बांधून उभा राहिलो.

चहा उकळला, गाळला, लोकांच्या हातात गेला. इंजिननं एक आचका दिला, दुसरा दिला, बंद पडलं. अक्काचं मशीन टीं-टीं करत ओरडायला लागलं. मीच धावत जाऊन त्याची वायर घराच्या लाईटीला लावली. किती तत्पर, नाही का?

"पूजा झाल्या झाल्या बंद पडलं की हो," कुणीतरी पुटपुटलं. अक्कानं तिकडं लक्षही दिलं नाही. ती शकुन-अपशकुन मानणारी नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

"दुसरा बघावं का?" दाजींनी विचारलं.

"दाजी, ह्यो सगळ्यात चांगला होता," मी म्हणालो. "ह्योच असं करायलाय तर बाकीच्याचं काय सांगू?"

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. असं बोलायला मला धंद्यानं शिकवलंय.

अक्कानं मांडीवरची शाल सावकाश घडी केली. "जाऊ दे," ती म्हणाली. "तम्मा न्हाई म्हणायलाय तर न्हाईच बरं."

काळजीपोटी केलं असं मी म्हणू शकलो असतो. रस्त्यात काही झालं असतं तर? पण तेव्हा असलं काही माझ्या मनात आलंच नव्हतं. मला माझ्या संध्याकाळी हव्या होत्या, बस. आणि त्या मला मिळाल्या. टेम्पो अंगणातच राहिला. घरातून लांब वायर ओढून अक्का रोज त्यात, आपल्या जागेवर, हायवेकडची खिडकी उघडून बसायची. मी दाराच्या पायरीवर. गोव्याकडं जाणाऱ्या गाड्या ती ओळखू लागली होती. समुद्राचा वास कसा असतो रे, असं विचारायची. मी एका लग्नाच्या कामावर गेलो होतो तेव्हा समुद्र बघितला होता. ओल्या मिठासारखा, म्हणून सांगायचो. ती डोळे मिटून नाकातली नळी जरा बाजूला करायची आणि खोल श्वास घ्यायची. यायचा तो तुरीचाच वास.

त्या उन्हाळ्यात ती गेली.

जनरेटर डोळ्यासमोर नको म्हणून दाजींनी तो मलाच ठेवून घ्यायला सांगितलं. मी तो लग्नांना पाठवतो. एकदाही बंद पडलेला नाही. सुरू करायच्या आधी खिट्टी मी स्वतः उघडतो, कामाच्या माणसांना हात लावू देत नाही.

परवा गावातल्या एका साखरपुड्यात दाजी जेवून बाहेर आले आणि त्याच्याजवळ थांबले. झाकणाच्या कडेला विभूतीचा पांढुरका डाग अजून आहे. त्यांनी त्यावर हात ठेवला.

"आता बरं चालायलंय की हे," म्हणाले. "काय बिघडलं होतं?"

"बारीकसंच होतं," मी म्हणालो. "दुरुस्त केलो."

"तवाच झालं असतं तर," एवढंच बोलून ते घराकडं वळले. हळू चालतात आता.

त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं, दाजी.