गणपतीपुढचे डायनासोर

माझा नवरा विज्ञानकथा लिहितो. लग्न झाल्यापासून तो लिहितोय आणि मी वाचतेय. दर वर्षी दिवाळी अंकांना पाठवतो. पूर्वी निदान 'साभार परत' तरी यायचं, आता ईमेल जातो आणि पुढे सगळं सामसूम. हा मात्र महिनाभर फोन उघडून बघत बसतो. मला त्या संपादकांचा भयंकर राग येतो. नाही आवडली तर नाही म्हणा, पण माणसाशी काहीतरी बोला!

म्हणून आमच्या विरारच्या सोसायटीत गणपतीला मुलांचं नाटक लिहायला कोणी मिळेना, तेव्हा मीच त्याचं नाव पुढे केलं. एकदा तरी त्याचं लिखाण लोकांनी शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. साहेबांनी विषय निवडला, पृथ्वीवरचा महासंहार! तोही डायनासोरांच्या आधीचा, कारण म्हणे तो सगळ्यांत भयंकर. समुद्रातलं जवळजवळ सगळं संपलं होतं. शेवटी मी सांगितलं की शिंपल्यांचे ड्रेस भाड्याने मिळत नाहीत, डायनासोरांचे मिळतात. तेव्हा कुठे स्वारी डायनासोरांवर आली.

तालमी झोकात सुरू झाल्या. शेवटच्या प्रवेशात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून दोरीने उल्का खाली सोडायची आणि सगळ्यांनी मरायचं, असं ठरलं. हे घरोघरी कळलं आणि मुलांच्या आया खाली उतरल्या.

"बाप्पासमोर माझं पोर मरणार नाही, आधीच सांगून ठेवते," एक म्हणाली.

"मरू दे, पण सगळ्यांत शेवटी. व्हिडिओत दिसायला पाहिजे ना," दुसरी म्हणाली.

तिसरीकडे तोडगा तयार होता. "दादा, एक स्पेसशिप टाका ना! सगळे बसून मंगळावर. पिक्चरमध्ये असंच तर असतं."

नवरा लालबुंद झाला. "पिक्चरमध्ये कोणीतरी नेहमीच निसटतं. खरोखरच्या संहारात यान येत नसतं!" असं म्हणून त्याने कागद गुंडाळले आणि सरळ घरी आला. दुसऱ्या दिवशी तालीम झालीच नाही. मग कुजबुज सुरू झाली की नाटक राहू दे, अंताक्षरी ठेवू.

त्या रविवारी मी त्याला ओढतच जवळच्या होळी नावाच्या गावात नेलं. तिथल्या एका वाडीतून आम्ही ताजी भाजी आणतो. अळूच्या वाफ्यात एक कोंबडी जोरजोरात माती उकरत होती. श्रावण चालू असल्यामुळे मी तिच्याकडे अगदी निर्मळ मनाने बघू शकले. नवऱ्याने तिला हुसकावायला हात उचलला, तर वाडीवाल्या काकू हसल्या. "कशाला हात दुखवता? ती कोनाला घाबरत नाय."

"कशी घाबरेल?" नवरा घुश्शातच पुटपुटला. "डायनासोर आहे ती."

"काय?" मी विचारलं.

"पक्षी म्हणजे डायनासोरच. त्यांची एक शाखा तेवढी वाचली."

मी भाजीची पिशवी खाली ठेवली. "आणि हे तू नाटकात घातलं नाहीस? अरे, त्या बायकांना यानाचं काय पडलंय! त्यांना फक्त आपली पोरं परत यायला हवी आहेत."

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता त्याने शेवट नव्याने लिहिला. मला दाखवला नाही. आया मात्र तो ऐकून मुकाट तालमीला मुलं पाठवू लागल्या.

नाटकाच्या संध्याकाळी मांडव भरला. पण शेवट जवळ आला आणि नेमकं तेव्हाच मागे मसाला दूध वाटायला घेतलं. झालं, खुर्च्या सरकू लागल्या, लोक उठले. तशातच उल्का सुटली आणि अर्ध्यावर मांडवाच्या बांबूत अडकली. डायनासोर माना वर करून तिची वाट बघत उभे. कोणीतरी फिदीफिदी हसलं. मी समोरच्या बाप्पाला म्हटलं, आता तूच काय ते बघ.

तेवढ्यात लांब मानेचा डायनासोर झालेली चिमुरडी पुढे आली. तिने उल्केचा नाद सोडला, लोकांना हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आमची वेळ झाली, आम्ही निघतो. पण निघताना जातो म्हणू नये, असं आई सांगते. म्हणून, येतो हं आम्ही! पंख फुटले की येतो!"

मग पहिल्या रांगेतल्या एक आजी, दारातून पाहुणा निघावा तशा सवयीने म्हणाल्या, "या हं!" आणि पाठोपाठ सगळा मांडव ओरडला, "या! या!" आया सर्वांत मोठ्याने. दुधाचे पेले हातात घेऊन उभे राहिलेलेसुद्धा वळून ओरडत होते.

मी पडद्याच्या कडेला बघितलं. नवरा कागद छातीशी धरून उभा होता, रडत होता, आणि डोळे पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. त्याच्या एका वाक्याला एवढी माणसं उत्तर देत होती.