न खेळणाऱ्या मामींचं लास व्हेगास

लास व्हेगास हे शहर जुगाऱ्यांसाठी बांधलंय असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या बायकोच्या मामी पाहिलेल्या नाहीत. ते शहर मामींसाठीच बांधलं होतं. जुगारी तिथे उगीच गर्दी करत. मामी मूळच्या नागपूरच्या, पेशाने पॅथॉलॉजिस्ट. पार्सिपनी या अमेरिकी गावात राहून जन्मभर त्यांनी मायक्रोस्कोपखाली नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी पाहिल्या आणि बहुधा त्याचीच भरपाई म्हणून रिटायर झाल्यावर त्यांना मोठ्या गोष्टींचं वेड लागलं. तेही साधं नाही. धबधबे, डोंगर, ग्रँड कॅन्यन यांना त्यांच्या लेखी किंमत नव्हती. "ते आपोआप झालंय, त्यात कोणाला शाबासकी द्यायची?" असं त्या म्हणत. त्यांना हवं असे ते माणसाने काही कारण नसताना केलेलं मोठं. आणि ते कॅसिनो-रिसॉर्टमध्ये जितकं सापडतं तितकं दुसरीकडे कुठे सापडत असेल असं मला वाटत नाही.

दर मार्चमध्ये मामा-मामी त्याच एका रिसॉर्टमध्ये जाऊन पाच दिवस राहत आणि बऱ्याचदा आम्हालाही ओढून नेत. त्या इमारतीला इमारत म्हणायलाही संकोच वाटावा. आत कालवा होता, कालव्यात नावा, वर रंगवलेलं आभाळ आणि त्या आभाळात बारा महिने संध्याकाळ. एका काचेच्या छताखाली बाग होती आणि तिथे निव्वळ फुलांचा केलेला, हत्तीएवढा मोर. नाश्त्याला बसलं की गोड पदार्थांच्या टेबलाचं दुसरं टोक दिसत नसे. मामी सकाळीच साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज चढवून निघत. स्लॉट मशीनच्या रांगांमधून त्या अशा जात की जणू ते बाजूला लावून ठेवलेले फ्रिज आहेत. इतक्या वर्षांत त्यांनी एकाही मशीनचं बटण दाबलं नाही. त्यांचं लक्ष सगळं वर. खोलीएवढं झुंबर दिसलं की त्या खाली उभ्या राहत, मान मागे टाकत आणि जो कोणी कर्मचारी जवळ असेल त्याला विचारत, "हे पुसतं कोण?" नुसतं विचारून सोडत नसत, त्या पुसणाऱ्याला गाठत. अशा रीतीने झुंबरवाला फिलिपिनो गृहस्थ, बागेतली माळीणबाई, कालव्याचं पाणी बदलणारे दोघे, चादरी धुणाऱ्या बायका, सगळ्यांशी त्यांची ओळख झाली होती. त्यांच्या मुलाबाळांच्या परीक्षा कधी असतात हेसुद्धा मामींना पाठ असे.

माझी मुलगी एकदा त्या आभाळाकडे बघून म्हणाली, "आजी, इट्स ऑल फेक."

"फेक काय त्यात?" मामी म्हणाल्या. "कोणीतरी खरोखर शिडीवर चढून एकेक ढग रंगवलाय ना?"

मी एकदा विचारलं, "मामी, हा सगळा उधळेपणा तुम्हाला आवडतो तरी कसा?" त्या म्हणाल्या, "जावईबापू, आम्ही सात भावंडं. तूप पुरे, शिक्षण पुरे, आता लग्न ठरलंय तर बाहेर हिंडणं पुरे. जन्मभर 'पुरे' ऐकलं. इथे कोणीतरी ते म्हणायचंच विसरलंय."

मामा याच्या अगदी उलट. शांत, मधुमेही, गुडघ्यांनी अधू. त्यांना आमच्या घरातला हॉलसुद्धा मोठा वाटे. ते यायचे ते मामी जातात म्हणून. मामींच्या मागे वीस पावलं अंतर ठेवून ते चालत, आणि मामी वर बघत असल्यामुळे ते अंतर कधी चाळीस झालं ते कोणालाच कळत नसे.

एका वर्षी दुपारी जेवायला निघालो असताना मामा म्हणाले, "खोलीतून चष्मा घेऊन येतो." पाऊण तास झाला. मी खोलीत जाऊन आलो. चष्मा तिथेच, फोनही तिथेच, मामा नाहीत. मामींनी घड्याळ बघितलं. "जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलंय त्यांनी," त्या म्हणाल्या, "आणि जेवले नाहीयेत. साखर एकदम खाली जाईल."

सिक्युरिटीच्या माणसाने वर्णन विचारलं. उंची मामींनी सांगितली. केस सांगितले. "शर्ट कोणता?" पेशींच्या रंगातला केसाएवढा फरक ओळखणारी ही बाई, पण नवऱ्याचा शर्ट तिला आठवेना. माझा हात धरून त्या मराठीत म्हणाल्या, "सकाळपासून मी छतं बघतेय हो. त्यांच्याकडे बघितलंच नाही."

मग त्या उठल्या आणि झुंबरवाल्याकडे गेल्या. पुढच्या दहा मिनिटांत माळीण, चादरीवाल्या, नाववाले असे सगळे "डॉक्टरांच्या मिस्टरांना" शोधायला निघाले. जिना, लिफ्ट, कालव्याचे दोन्ही काठ, काही सोडलं नाही. शेवटी झुंबरवाल्याच्या वॉकी-टॉकीवर निरोप आला. मामा रिसॉर्टमधल्या चॅपलमध्ये, म्हणजे झटपट लग्नं लावायच्या छोट्या प्रार्थनाघरात होते.

आम्ही धावत पोचलो. मामा पहिल्या रांगेत, मांडीवर कागदी बशी, ओठांना क्रीम. वाट चुकून फिरताना त्यांना चक्कर आली, दार उघडं दिसलं, खुर्ची होती, म्हणून ते बसले. आत ओहायोहून पळून आलेलं एक जोडपं लग्नाला उभं होतं आणि त्यांच्याकडून पाहुणा म्हणून एकही माणूस नव्हता. घामाघूम झालेल्या मामांना बघून नवरीनेच आधी केक कापून त्यांना भरवला होता. ती नर्स निघाली.

मामींनी मनगट धरून नाडी बघितली. दोनदा बघितली. मग म्हणाल्या, "मला न सांगता लग्नाला आलात?"

"आमंत्रण आयत्या वेळी आलं," मामा म्हणाले.

मामी हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. नवरीला वाटलं, लग्नाने गहिवरल्या. तिने त्यांनाही केक दिला. मामा-मामी शेजारी शेजारी बसून उरलेलं लग्न आणि नंतरचं आणखी एक लग्न बघून मगच उठले.

त्यानंतर आणखी दोन वर्षं मार्चमध्ये ते दोघं तिथे जाऊन आले. मामींचा वेग मामांच्या गुडघ्यांएवढा झाला होता. फुलांचा मोर निम्माच बघून व्हायचा, नाश्ता मात्र तासभर चालायचा. मग मामा गेले. मामींनी पार्सिपनीचं घर विकलं आणि त्या मॉरिसव्हिलला मुलीकडे राहायला गेल्या. लास व्हेगासचा विषय काढला की म्हणत, "आता बघू," आणि आम्हाला चहा विचारत.

यंदा ऑफिसच्या एका कॉन्फरन्ससाठी माझं नेमकं तिथेच जाणं झालं. दुपारी रिसॉर्टबाहेरच्या, संगीतावर नाचणाऱ्या कारंज्यांसमोर उभा राहून मी मामींना फोन लावला. कुठून बोलतोय ते सांगितलं.

"तसाच धरा फोन," मामी म्हणाल्या. "बोलू नका."

मी फोन उंच धरला. पाणी उसळत होतं, संगीत वाजत होतं, लोक ओरडत होते. कारंजं संपलं, गर्दी पांगली. लाइन तुटली असेल असं वाटून मी फोन कानाला लावला तर त्यांचा श्वास ऐकू आला.

"हं," त्या म्हणाल्या. "जेवलात का तुम्ही? वेळेवर जेवून घ्या."